मोठे कान म्हणजे तिखट कान नव्हेत

ग्रेटर कुडूचा फोटो आणि खाली मजकूर: ‘आफ्रिकेतल्या या हरणाचे कान 360 अंशांत फिरतात. 5 किलोमीटरवरचा सिंह नेमका कुठे आहे, हे त्याला कळतं. त्याच्याच जातकुळीतल्या इलंडचे कान लहान, म्हणून तो बहिरट.’ कित्येकांनी हे पुढे ढकललंय. कुडू माझा फार लाडका प्राणी आहे, म्हणून हे खोडून काढणं भाग आहे.

हरीण म्हणायला हरकत नाही. पण चितळापेक्षा कुडू आपल्या नीलगाईच्या जास्त जवळचा.

आता ते 360 अंश. कान मुळाशी नळीसारखा असतो आणि डोक्याला घट्ट जोडलेला असतो. स्नायू ओढतील तसा तो पुढे, बाजूला, मागे वळतो. पूर्ण गिरकी घेणार कशी? खरं कौतुक आहे ते दोन्ही कान वेगवेगळे वळण्याचं. गोठ्यातल्या गाईच्या मागून जाऊन पाहा. एक कान तुमच्याकडे येतो, दुसरा समोरच्या कुत्र्यावरच असतो, आणि रवंथ चालूच. कुडूही हेच करतो.

सिंहाची डरकाळी शांत रात्री 8 किलोमीटरवर माणसालाही ऐकू येते. त्यात कुडूचं विशेष ते काय? दबा धरलेला सिंह डरकाळी फोडत नाही. कुडूचा जीव वाचतो तो जवळच मोडलेल्या काटकीच्या आवाजाने.

‘नेमका कुठे’ हा तर सगळ्यात कच्चा दुवा. गाय, कुडू, इलंड एकाच उपकुळातले. चाचण्यांमध्ये दोन आवाजांच्या दिशांत सुमारे 30 अंशांचा फरक असला तरच गाईला तो ओळखता आला. माणसाला जेमतेम 1 अंश पुरतो, आणि आपले कान केवढेसे! मोठा कान आवाज गोळा करतो. दिशा ठरवतो मेंदू. गाईला मान न वळवताही जवळजवळ चहूकडचं दिसतं, त्यामुळे कानाने ‘तिकडे’ एवढं सांगितलं तरी तिचं भागतं, असं संशोधकांचं म्हणणं.

राहिला इलंड. त्याचे कान अरुंद, टोकदार. त्या अवाढव्य देहावर ते आणखीच लहान दिसतात. तो बहुतेक मोकळ्या माळावर कळपाने राहतो, कुडू दाट झुडपांत. मग झाडी तिथे मोठा कान, असा नियम मांडायचा मोह होतो, आणि घनदाट जंगलातला, मोठ्या कानांचा बोंगो (कुडूचाच भाऊबंद) त्यात बसतोही. पण रोन आणि सेबल ही आफ्रिकेतलीच दोन मोठी हरणं पाहा. एकाच प्रजातीगणातले, अंगानेही जवळपास सारखे. सेबल झाडीत रमतो, रोनला गवताळ मोकळं रान लागतं. तरी लांब कान रोनचेच, वर टोकाला केसांचा झुपका.