गडचिरोलीच्या बायांना कोणी विचारलं का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. त्याची पत्नी तारक्का तर त्याच वर्षी १ जानेवारीलाच शस्त्र खाली ठेवून मोकळी झाली होती. आता नागपुरात सगळीकडे एकच चर्चा : नक्षलवाद संपला, पुढे काय? खाणी, रस्ते, कारखाने. ज्यांच्या घरातला माणूस कधी खबरी म्हणून मारला गेला, कधी चकमकीत, कधी पोलिसाच्या वर्दीत, त्या बायांचं नाव या चर्चेत मला कुठेच ऐकू येत नाही. याचा मला खरंच राग येतो.

याच जिल्ह्यातल्या बायांनी गावोगाव दारूविरुद्ध उभं राहून १९९३ ची दारूबंदी मिळवली. ती अंमलात किती आली यावर वाद घाला, पण बंदुकीच्या सावलीत गावाला एकत्र बसवायची ताकद त्यांच्यात आहे, हे तेव्हाच दिसलं.

नागालँडचं उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. तिथे १९८४ मध्ये नागा मदर्स असोसिएशन उभी राहिली. १९९४ पासून या आयांनी ‘आता रक्त सांडू नका’ अशी मोहीम चालवली, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या भूमिगत सशस्त्र नागा गटांकडे स्वतः जाऊन बोलल्या. आणि त्यांच्या पदरात काय पडलं? राज्य झालं १९६३ मध्ये, विधानसभेत पहिल्या दोन महिला निवडून आल्या २०२३ मध्ये. मधे २०१७ ला शहरी निवडणुकांतल्या ३३ टक्के महिला आरक्षणावरून हिंसा झाली, निवडणुकाच थांबल्या. मुलांना जंगलातून परत आणायला आई चालते, सत्तेत बसायला नाही!

आपल्याकडे निदान कायदा बाईच्या बाजूने आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला गावातले निम्मे लोक हवेत आणि हजर लोकांत किमान एक तृतीयांश महिला. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे मुख्य ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभाही घ्यायची असते. पण सह्या करून घेणं आणि ऐकून घेणं यात फरक आहे. महिला सभेत ‘खाण नको’ ठरलं, तर तो ठराव पुढे जातो का, ते बघा.

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं. त्यात शरण आलेल्यांचं पुनर्वसन, खाणींच्या परवानग्या, मृतांच्या कुटुंबांची मदत, यांवर निर्णय घेणाऱ्या प्रत्येक समितीत गडचिरोलीच्या गावांतल्या बाया निम्म्या असाव्यात, आणि महिला ग्रामसभांचे ठराव सभागृहात वाचले जावेत, ही मागणी विदर्भातल्या आमदारांनी करावी. तुमच्या आमदाराला फोन करून विचारा, तो करणार आहे का.