पडद्यापलीकडच्या डॉक्टरला हात नसतात

टेलिमेडिसिनचं, म्हणजे दूरच्या पेशंटला व्हिडिओवरून तपासण्याचं, प्रशिक्षण म्हणजे लॉगिन कसं करायचं, माइक कुठे चालू होतो आणि प्रिस्क्रिप्शन कसं अपलोड करायचं, एवढंच धरलं जातं. अर्ध्या दिवसात उरकतं आणि हजेरीपटावर सह्या होतात. हे मला अजिबात पटत नाही. बटणं कोणीही शिकतं.

खरं शिकवायला हवं ते पेशंटजवळ बसलेल्या सिस्टरला, कारण डॉक्टरचे हात तीच असते. पोट तिनेच दाबायचं, आणि दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडेही तिनेच बघायचं. पायाची सूज अंगठ्याने दाबून खळगा राहतो का ते सांगायचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर रीडिंग वाढीव येतं. बोटं गार असली किंवा नखांना गडद नेलपॉलिश असलं की ऑक्सिमीटर फसतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर तर तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. व्हिडिओ कितीही स्वच्छ दिसू दे, आकडाच चुकीचा असेल तर डॉक्टर काय करणार? आणि उजेड! पिवळ्या बल्बखाली डोळ्यांतली कावीळ ओळखू येत नाही, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं असतं?

डॉक्टरांनाही शिकायचंय, मुख्यतः कॉल कधी थांबवायचा ते. छातीत दुखतंय, एक वाक्य सलग बोलवत नाही, अशा माणसाला पडद्यावर प्रश्न विचारत बसू नये, लगेच दवाखान्यात हलवावं.

एका दिवसात हे अंगी येत नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हेपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) बघणारे दूरदूरचे डॉक्टर नियमितपणे व्हिडिओवर जमायचे, आपापल्या केसेस मांडायचे आणि तज्ज्ञांशी चर्चा करून उपचार स्वतःच करायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या क्लिनिकमधले ५७.५ टक्के पेशंट बरे झाले होते आणि या डॉक्टरांकडचे ५८.२ टक्के. केसवर केस बोलत शिकल्याचं हे फळ आहे. म्हणून प्रशिक्षणाचा वेळ ड्यूटीच्या तासांत, दर आठवड्याला मिळाला पाहिजे. ड्यूटी संपल्यावर दमलेल्या माणसांना बसवून नव्हे.

मी सराव घेते तेव्हा प्रत्येकाला एकदा पेशंटच्या खुर्चीत बसवते. डॉक्टर कॅमेऱ्याऐवजी कीबोर्डकडे बघत राहिला की कसं तुटल्यासारखं वाटतं, ते तिथे बसल्यावरच कळतं. आणि कॉल संपण्याआधी पेशंटने गोळ्या कशा घ्यायच्या आणि त्रास वाढला तर कुठे जायचं, हे स्वतःच्या शब्दांत सांगेपर्यंत मी कोणाला ‘झालं’ म्हणू देत नाही.