पॉज बटण असलेले गेम मला हवेत

बाबांच्या ऑपरेशननंतरचे तीन महिने मी रात्री त्यांच्या शेजारच्या खोलीत जागी असायचे. सलग झोप मिळतच नव्हती. त्या तीन महिन्यांत मी 'द विचर ३' हा एकट्याने खेळायचा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले. बाबांची हाक आली की पॉज. पाणी द्यायचं, कूस बदलायला हात द्यायचा, त्यांचा डोळा लागेपर्यंत बसून राहायचं. परत यावं तर त्याचा नायक गेराल्ट तलवार उगारून होता तिथेच उभा. कधी दहा मिनिटांनी परतायचे, कधी थेट दुसऱ्या रात्री. माझ्यासाठी कुणी खोळंबलेलं नसायचं.

त्याच दिवसांत मैत्रिणींच्या आग्रहाने एक ऑनलाइन शूटरही (गोळीबाराचा गेम) दोनदा खेळून पाहिला. दोन्ही वेळा मॅच अर्ध्यात सोडून उठावं लागलं. दुसऱ्या वेळी गेमने मला काही काळ नवीन मॅचच खेळू दिली नाही. नियम योग्यच आहे. चार जणी माझ्या भरवशावर खेळत असताना मी निघून गेले होते, त्यांचा खेळ बिघडला. पण तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. एकट्याने खेळायचा गेम माझ्या घड्याळावर चालतो, ऑनलाइन गेम दुसऱ्याच्या घड्याळावर. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, ज्यांना दिवसभरात स्वतःचा म्हणून जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यांच्यासाठी पॉज बटण म्हणजे खेळता येणं किंवा न येणं एवढा फरक आहे.

म्हणून गेम कंपन्यांना आता फक्त ऑनलाइन मल्टिप्लेअरच (अनेकांनी मिळून खेळायचे गेम) हवंय का, हा गेली कित्येक वर्षं चाललेला वाद मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर सरळ आहे. हो, मोठ्या कंपन्यांमध्ये निर्णय घेणाऱ्यांचा कल तिकडेच आहे. आणि तो खेळणाऱ्यांच्या आवडीवरून ठरलेला नाही.

'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गुन्हेगारांच्या गोष्टींच्या गेममालिकेचंच बघा. चौथ्या भागानंतर त्याच शहरात घडणाऱ्या दोन मोठ्या जोडकथा आल्या होत्या, वेगळ्या नायकांच्या, वेगळ्या सुरांच्या. पाचवा भाग आला सप्टेंबर २०१३ मध्ये. दोन आठवड्यांत त्याचं ऑनलाइन रूप सुरू झालं आणि पुढची दहा वर्षं नवे दरोडे, नव्या मोहिमा, नवी घरं जवळजवळ सगळं तिकडेच गेलं. मायकल, ट्रेव्हर आणि फ्रँकलिन या तिघांच्या कथेला एकही जोडकथा मिळाली नाही. या गेमच्या २० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. पुढची गोष्ट ऐकायला माणसं नव्हती, असं कोण म्हणेल?

हिशोब समजायला सोपा आहे. गोष्ट संपली की खेळणारा समाधानाने उठतो आणि दुसऱ्या गेमकडे जातो. कंपनीच्या दृष्टीने गिऱ्हाईक गेलं. ऑनलाइन गेमला शेवट नसतो. आज नवा सीझन, उद्या नवा बॅटल पास (खेळत राहून मिळवायच्या बक्षिसांची विकतची यादी), परवा नवी स्किन (पात्राचा नवा पोशाख), आणि यादी पूर्ण करायला रोज हजेरी. 'फोर्टनाइट'ची बॅटल रोयाल (शेवटी उरेल तो जिंकला, असा खेळ) सप्टेंबर २०१७ मध्ये फुकट खुली झाली आणि फुकट गेममधून केवढी कमाई होऊ शकते हे सगळ्या उद्योगाने पाहिलं. त्यानंतर प्रत्येकाला आपला एक न संपणारा गेम हवा झाला. पुढच्याच वर्षी 'कॉल ऑफ ड्यूटी'चा 'ब्लॅक ऑप्स ४' आला तो नेहमीच्या कॅम्पेनशिवाय, म्हणजे एकट्याने खेळायच्या कथेशिवाय. ती मालिका अनेकांनी केवळ कॅम्पेनसाठी हातात घेतली होती. २०१९ च्या भागात कॅम्पेन परत आलं, ते बरं झालं.

या हिशोबात एक मोठी चूक आहे आणि ती मला फार खटकते. एकट्याने खेळायचे गेम एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मी एक संपवते, मग दुसरा घेते. रोज हजेरी मागणारा ऑनलाइन गेम मात्र माणसाचा सगळा मोकळा वेळ मागतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ज्याची सगळी मित्रमंडळी आणि सगळ्या स्किन एका गेममध्ये आहेत, तो नव्या गेममध्ये कशाला जाईल? तिथे आधीच बसलेल्या चार-पाच गेमना हलवणं महाकठीण असतं, तरी प्रत्येक कंपनी त्याच दाराशी धडका देत राहते.

सोनीने २०२२ मध्ये बारा लाइव्ह-सर्व्हिस गेम (सतत नवी भर घालत चालवायचे ऑनलाइन गेम) आणण्याचा बेत जाहीर केला होता. पुढच्याच वर्षी तो निम्म्यावर आला. त्यातल्या 'कॉन्कॉर्ड'ची कथा तर वाचवत नाही. कित्येक वर्षांची मेहनत २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आली, ६ सप्टेंबरला बंद झाली. दोन आठवडे! पैसे परत दिले, ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओही बंद केला. त्या गेममधली पात्रं, नकाशे, आवाज, आज कुणाला बघायचे म्हटले तरी सुरू करता येत नाहीत. गेम चांगला होता की नव्हता हे बाजूला ठेवू. पडलेला सिनेमासुद्धा कुठेतरी बघायला मिळतो.

मला त्याहून जास्त दुःख आर्केन ऑस्टिन या स्टुडिओचं झालं. 'प्रे' (२०१७) ज्यांनी बनवला ते लोक. एका अंतराळ स्थानकात तुम्ही एकटे, आणि टेबलावरचा साधा कपसुद्धा शत्रू निघेल की काय या धास्तीने प्रत्येक खोलीत पाऊल टाकायचं. तसा गेम बनवायला वेगळं डोकं लागतं. त्याच स्टुडिओकडून २०२३ मध्ये आला 'रेडफॉल', चार जणांनी मिळून खेळायचा शूटर, आणि एकट्याने खेळलं तरी इंटरनेट लागायचंच. तो सपशेल पडला. मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली. ज्यांचं कसब एकट्या माणसाला खिळवून ठेवण्यात होतं, त्यांचं शेवटचं काम हे असावं?

'लोकांना आता हेच आवडतं' असं कुणी म्हटलं की मला वॉर्नर ब्रदर्स आठवते. 'हॉगवर्ट्स लेगसी' हा निव्वळ एकट्याने खेळायचा गेम २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक विकला गेला. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा लाइव्ह-सर्व्हिस गेम 'सुइसाइड स्क्वाड' आला आणि कंपनीला २० कोटी डॉलरचा फटका बसला. बॅटमॅनचे उत्कृष्ट एकट्याचे गेम बनवणाऱ्या रॉकस्टेडी या स्टुडिओने तो बनवला होता. दोन्ही निकाल समोर असताना मार्च २०२४ मध्ये कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी गुंतवणूकदारांना सांगतो की एकदाच विकले जाणारे मोठे गेम बेभरवशाचे असतात, म्हणून आम्ही लाइव्ह-सर्व्हिस आणि मोबाइलकडे जास्त लक्ष देणार. हे वाचल्यावर मला तरी शंका उरली नाही. लोकांनी काय निवडलं ते त्यांना दिसत होतं, तरीही ठरलं होतं तेच ठरलं.

खेळणारे आपलं म्हणणं पुन्हा पुन्हा सांगत आहेत. 'एल्डन रिंग' इंटरनेट बंद करून खेळता येतो, पहिल्या वर्षातच त्याच्या २ कोटींहून जास्त प्रती गेल्या. 'बाल्डर्स गेट ३' मित्रांबरोबर खेळा किंवा एकटे खेळा, ना बॅटल पास, ना दुकान. २०२४ मध्ये गेम अवॉर्ड्सचा सर्वोच्च पुरस्कार 'अॅस्ट्रो बॉट'ला, २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'ला. दोन्ही एकट्याने खेळायचे, दोन्हींना शेवट आहे. 'द लास्ट ऑफ अस' बनवणाऱ्या नॉटी डॉगने डिसेंबर २०२३ मध्ये आपला ऑनलाइन गेम थांबवला तेव्हा कारण स्पष्ट सांगितलं होतं: तो चालवायचा तर पुढची कित्येक वर्षं सगळा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल, आणि मग कथा सांगणारे गेम करता येणार नाहीत. किती वर्षांचं काम त्यांनी सोडून दिलं असेल! त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे.

आता कुणी म्हणेल, तुला माणसांबरोबर खेळायचंच नाही. अजिबात तसं नाही. मुळात व्हिडिओ गेमची सुरुवातच दोघांनी खेळण्यातून झाली. १९६२ चा 'स्पेसवॉर' दोघांचा, १९७२ चा 'पाँग' दोघांचा. मी स्वतः खेळायला शिकले ती दादाच्या शेजारी बसून, अर्धा पडदा त्याचा आणि अर्धा माझा. त्याच्या अर्ध्यात डोकावून तो कुठे लपलाय ते मी बघायचे आणि तो ओरडायचा. दादा नोकरीसाठी लांब गेल्यावर आम्ही ऑनलाइन खेळलो, आणि त्या तासाभरात आमच्या जेवढ्या गप्पा व्हायच्या तेवढ्या नुसत्या फोनवर कधी झाल्या नाहीत. ते माझ्याकडून कुणी काढून घ्यावं असं मी का म्हणेन?

पण अर्ध्या पडद्याचं काय झालं ते बघा. ज्या 'हेलो'मुळे कितीतरी भावंडं एका सोफ्यावर बसून खेळली, त्याच्या २०१५ च्या पाचव्या भागातून स्प्लिट-स्क्रीन काढून टाकलं. पुढच्या भागात परत देऊ म्हणाले. 'हेलो इन्फिनिट'च्या कॅम्पेनसाठीचं ते काम २०२२ मध्ये रद्द झालं. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळणंही मागे पडलं. पुढे सरकलं ते फक्त सर्व्हरवरून खेळणं, जिथे प्रत्येकाला आपला कन्सोल, आपली प्रत आणि आपलं खातं लागतं. याच्या अगदी उलट 'इट टेक्स टू'. दोघांशिवाय खेळताच येत नाही, एका सोफ्यावर बसून खेळता येतो, लांब असाल तरी एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट. २०२१ चा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला आणि २ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. दादा सुट्टीला आला होता तेव्हा आम्ही तो चार संध्याकाळी खेळून संपवला. संपला याचंही समाधान होतं.

मला खरा राग आहे तो एकट्याने खेळायच्या गेमला विनाकारण सर्व्हरशी बांधून ठेवण्याचा. २०१३ चा 'सिमसिटी' म्हणजे आपलं आपण शहर वसवायचं, पण सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नव्हता. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले, विकत घेतलेलं शहर लोकांना उघडता येईना. साधारण एका वर्षाने त्याच गेमला ऑफलाइन मोड मिळाला. मार्च २०२२ मध्ये 'ग्रान तुरिस्मो ७'च्या सर्व्हरचं काम तीस तासांहून जास्त लांबलं आणि तेवढा वेळ गेमचा बहुतांश भाग बंद. संगणकाच्या गाड्यांशी एकट्याने लावायच्या शर्यती, त्यासुद्धा बहुतेक बंद!

आणि सर्व्हर कायमचे बंद होतात तेव्हा? एका गेममध्ये माझी एक बाग होती. दोन वर्षं रोज थोडी थोडी वाढवलेली, कुणाशी स्पर्धा नाही, कुणी बघायला येणार नाही. एक दिवस सूचना आली, साठ दिवसांनी सेवा बंद. एकसष्टाव्या दिवशी गेम सुरू केला तर फक्त कनेक्शनचा एरर. माझ्या बागेला सर्व्हरची गरज काय होती, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

'द क्रू'चं प्रकरण याचंच मोठं रूप. २०१४ चा गाड्यांचा गेम, अख्खी अमेरिका छोटी करून बसवलेली, एकट्याने निवांत गाडी चालवत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाता यायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि ज्यांनी रीतसर विकत घेतला त्यांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिला १० लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियातल्या कायद्याप्रमाणे २०२५ पासून डिजिटल दुकानांना 'खरेदी' हा शब्द वापरायचा तर हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. निदान खरं बोलायला लावलं. पण मला परवाना नको आहे, मला गेम हवा आहे.

हे जमत नाही असं सांगू नका. 'क्वेक ३ अरेना' १९९९ चा, जवळजवळ पूर्ण मल्टिप्लेअर. त्यात संगणकाचे खेळाडू होते, स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय होती, २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्राम) खुला झाला आणि तो आजही खेळता येतो. 'द क्रू'वरून एवढा गदारोळ झाल्यावर त्याच कंपनीने 'द क्रू २'ला ऑफलाइन मोड दिला. ज्या महिन्यात आर्केन ऑस्टिन बंद होण्याची घोषणा झाली, त्याच महिन्यात 'रेडफॉल'च्या शेवटच्या अपडेटमध्ये ऑफलाइन मोड आला, आणि त्याबरोबर पॉजही. नोकरी जाणार हे माहीत असलेल्या माणसांनी ते काम पूर्ण करून दिलं. मग ज्यांच्या हाताशी पाच वर्षं आणि भरपूर पैसा असतो, त्यांना ते पहिल्या दिवशी का देता येऊ नये?

मी आता नवा गेम आणला की पहिल्याच संध्याकाळी इंटरनेट बंद करून सुरू करून बघते. सुरू झाला नाही आणि परत करता येत असेल, तर परत करते.

तुम्ही पैसे देऊन घेतलेला आणि आता सुरूच न होणारा एखादा गेम असेल तर त्याचं नाव खाली लिहा. कोणता, आणि किती वर्षं चालला, एवढंच पुरे. मी यादी करतेय.