खोकून हार्ट अ‍ॅटॅक जात नाही, मावशी

“काल रात्री छातीत भरून आलं होतं गं, पण खोकून घालवलं.”

मावशीने हे मला फोनवर सांगितलं, शिंक येऊन गेली म्हणावं इतक्या सहज. वीस मिनिटं ती पलंगाच्या कडेला बसून, दर दोन सेकंदांनी खोल श्वास घेऊन खोकत होती. घरात एकटी. फोन हातातच होता, पण तो तिने कुणाला लावला नाही. त्यावरच्या घड्याळात ती सेकंद मोजत होती.

हे तिला शिकवलं एका मेसेजने. तुमच्याकडेही आला असेल. ‘इमर्जन्सीत पंधरा वर्षं काम केलेला टेक्निशियन सांगतोय, डॉक्टर कधीच सांगणार नाहीत अशी सहा गुपितं’ अशी सुरुवात, आणि शेवटी दहा जणांना पाठवा. मधला ऐवज असा: एकटे असताना हार्ट अ‍ॅटॅक आला तर जोरजोरात खोका, पहिला ईसीजी नॉर्मल आला की सरळ घरी जा, पुढचं सगळं बिल वाढवायला, रुग्णवाहिकेने गेलात तर नंबर आधी लागतो, तिथे अंगाला हात लावणारे निम्मे लोक डॉक्टर नसतात, त्यांना लावू देऊ नका, मॉनिटरवरची रेघ सरळ झाली तर शॉक द्यायला लावा, पक्षाघात झाला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा.

मी इमर्जन्सीत टेक्निशियन आहे. ईसीजी काढते, रक्त घेते, मोडलेल्या हाताला स्लॅब बांधायला मदत करते, कॉम्प्रेशन देते, म्हणजे बंद पडलेलं हृदय चालवायला छाती दाबते, क्रॅश कार्टमधलं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीतलं, संपलेलं सामान भरून ठेवते. गुपित म्हणावं असं मला आजवर एकच कळलंय: ईसीजी मशीनचा कागद नेमका घाईच्या वेळी संपतो. बाकी सगळं पुस्तकात छापलेलं आहे. त्यामुळे माझ्याच हुद्द्याचं नाव लावून कुणी असलं काही पसरवलं की डोकं फिरतं.

आधी खोकला. मेसेज म्हणतो, अ‍ॅटॅक आला की हृदय थांबतं, शुद्ध जायला दहा सेकंद उरतात, तेवढ्यात खोकायला लागा. इथे दोन वेगळे आजार एकाच पिशवीत कोंबलेत. हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. हृदय तेव्हा चालू असतं. माणूस बोलत असतो, घामाने भिजलेला असतो, कित्येकदा स्वतःच्या पायांनी चालत आमच्या दारात येतो. त्याच्याकडे फोन करायला पुरेसा वेळ असतो, पण वाया घालवायला एक मिनिट नसतं, कारण स्नायू मरत चाललेला असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच बंद पडणं. तिथे काही सेकंदांत शुद्ध जाते आणि बेशुद्ध माणूस खोकत नाही. म्हणजे पहिल्या आजारात खोकून उपयोग नाही आणि दुसऱ्यात खोकता येत नाही. अ‍ॅटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो हे खरं आहे. म्हणून तर तो व्हायच्या आत शॉक देणारं मशीन जिथे आहे तिथे पोचायचं असतं.

यात खऱ्याचा एक कण आहे, तो कबूल करते, नाइलाजाने. १९७६ साली डॉ. क्रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण छापलं होतं. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या वाहिन्या तपासतात त्या खोलीत, टेबलावर असलेल्या काही पेशंटच्या हृदयाची लय अचानक बिघडली, त्यांना लगेच खोकायला सांगितलं, आणि ते काही सेकंद शुद्धीवर राहिले. जास्तीत जास्त ३९ सेकंद. आता ते कुठे होते ते बघा. मॉनिटर लावलेला, डॉक्टर शेजारी उभे, लय बिघडल्याचं त्याच क्षणी पडद्यावर दिसलं, शॉकचं मशीन हाताच्या अंतरावर. खोकला होता तो मशीन चार्ज होईपर्यंतचा. मावशीच्या खोलीत यातलं काय होतं? अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर स्पष्टच सांगितलंय की या ‘कफ सीपीआर’ला आमचा पाठिंबा नाही, सामान्य लोकांना तो शिकवू नये, बेशुद्ध माणसाला त्याचा उपयोग नाही. ज्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांवर जगभर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं, शिकवला जातो, तिचं हे म्हणणं आहे. हा मेसेज १९९९ च्या सुमारास ईमेलवर फिरत होता, तेव्हापासून फक्त सही करणारा बदलत आलाय. या खेपेला माझी पाळी.

एकटे असताना छातीत भरून आलं, दाब वाटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, विनाकारण दरदरून घाम फुटला तर रुग्णवाहिकेला फोन लावायचा, दाराची कडी काढून ठेवायची आणि खाली बसून राहायचं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि फोनवरच्या माणसाने सांगितलं तर गोळी चावून खायची. कडी काढणं विसरू नका. आत माणूस बेशुद्ध आणि बाहेर दार फोडायची तयारी, यात जी मिनिटं जातात ती कुठल्याच औषधाने परत मिळत नाहीत.

तर मी मावशीला त्याच दिवशी घेऊन गेले. ईसीजी मीच काढला. नॉर्मल. ती लगेच उठून बसली, पदर सावरला आणि म्हणाली, “झालं ना? मुद्दा नंबर दोन. चल.”

या दुसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण खोकणारा निदान घरात बसून खोकतो, हा मुद्दा दवाखान्यात पोचलेल्या माणसाला परत पाठवतो.

आम्ही कागद हातात देतो तो नेहमीचा ईसीजी म्हणजे तुमच्या हृदयाचे दहा सेकंद. फक्त दहा. अंगावर दहा इलेक्ट्रोड लावायचे आणि त्यातून बारा बाजूंनी हृदय बघायचं. तरी त्या बाराही बाजू हृदयाच्या मागच्या भिंतीकडे सरळ बघत नाहीत. तिथे काही चाललंय असा संशय आला तर पाठीवर वेगळे इलेक्ट्रोड लावावे लागतात. वाहिनी अर्धवट तुंबलेली असेल, कधी मोकळी होत असेल, कधी बंद, तर पहिल्या कागदावर काहीही दिसणार नाही असं सहज होतं. अर्ध्या तासाने काढलेल्या कागदावर दिसतं. छातीत दुखणारा पेशंट आला की दहा मिनिटांत ईसीजी काढून तो डॉक्टरांनी बघायचा, हा नियम आहे. पण दुखणं चालू असेल तर तो पुन्हा पुन्हा काढायचा, हाही नियमच आहे. मी तोच तोच ईसीजी काढायला तिसऱ्यांदा आले की नातेवाईक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर या मेसेजने तयार केलीय.

रक्ताचंही तेच. ट्रोपोनिन हा हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारा पदार्थ. तो उतरायला वेळ लागतो. दुखायला लागल्यावर तासाभरात आलेल्या माणसाचा पहिला रिपोर्ट निर्दोष असू शकतो, म्हणून काही तासांनी दुसरा घ्यायचा. दोन आकड्यांमध्ये वाढ होतेय का, ते बघायचं असतं. याला कुणी बिल वाढवणं म्हणत असेल तर म्हणो.

आणि हो, आम्ही चुकतोही. उजव्या आणि डाव्या हाताच्या वायरी उलट लागल्या की पहिल्या लीडमध्ये, म्हणजे त्या बारा बाजूंपैकी पहिलीत, सगळं खाली डोकं वर पाय दिसतं. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या फासळीखालच्या फटीत लागायला हवेत, ते घाईत वर लागतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं, मग पुन्हा सुई. पेशंट वैतागतो, त्याचं चुकत नाही. पण हेही परत तपासायचंच कारण झालं, घरी जायचं नाही.

मावशीला बसवून ठेवलं. दुसरा ईसीजी नॉर्मल, दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही दिसत नाही, पुढच्या तपासण्या सावकाश करू. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात मावशी म्हणाली, “बघ. खोकल्याने गेलाच की.”

हा मेसेज इतकी वर्षं कशावर जगलाय ते मला तेव्हा कळलं. छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं शेवटी हृदयाचं निघत नाही. स्नायू आखडलेला असतो, आम्लपित्त असतं, कधी नुसती भीती. त्यातले जे घरी बसून खोकतात त्यांचं दुखणं आपोआप थांबतं, आणि ते सगळे साक्षीदार होतात. ज्यांना खरोखर अ‍ॅटॅक आला होता आणि जे खोकत बसले, ते ग्रुपवर लिहायला येत नाहीत. मावशी, तू खोकण्याऐवजी वीस मिनिटं पाढे म्हटले असतेस तरी थांबलं असतं. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही.

बाकीचे मुद्दे झटपट उरकते.

रुग्णवाहिकेने नंबर आधी लागत नाही. दारात ट्रायेज होतं, म्हणजे कुणाला किती घाई ते ठरतं, आणि ते श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध बघून ठरतं, वाहन बघून नाही. बऱ्याच ठिकाणी वापरतात त्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत: लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, निळा म्हणजे २४० मिनिटांपर्यंत थांबलात तरी चालेल. हो, चार तास. बाकडी अवघडच असतात आणि कुणी येऊन नीट सांगतही नाही, ही तक्रार मला मान्य आहे. तरी छातीत दुखत असेल तर रुग्णवाहिकाच बोलवा, कारण वाटेत काही झालं तर शेजारी गाडी चालवणारा भाचा नव्हे, शिकलेला माणूस असतो.

अंगाला हात लावणारे निम्मे लोक डॉक्टर नसतात, हे शंभर टक्के खरं. मी नाहीच. पण हृदय बंद पडलं की छाती दाबायची असते मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दाबणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलायचा असतो, कारण दमलेले हात उथळ दाबतात. तेव्हा डॉक्टर पायथ्याशी उभे राहून लय बघत असतात, औषध सांगत असतात. छातीवर सिस्टर असते, वॉर्डबॉय असतो, मी असते. हात लावू द्यायचा नसेल तर आधी कळवा.

सरळ रेघेला शॉक देत नाहीत. सिनेमात देतात. शॉक असतो तो लयीचा गोंधळ माजलेला असताना तो थांबवायला. रेघ सरळ झाली म्हणजे थांबवायला गोंधळच उरलेला नाही. तिथे कॉम्प्रेशन आणि अ‍ॅड्रिनलिन. आणि त्याआधी माझं काम, वायर सुटलीय का ते बघणं. गप्पा मारणाऱ्या आजोबांची रेघ सरळ झालेली मी पाहिलीय. त्यांनी छाती खाजवली होती.

सुईबद्दल तर काय बोलावं! मेंदूतली वाहिनी तुंबलीय आणि बोटातून चार थेंब काढायचे. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो, शेवटचं ठीकठाक कधी पाहिलंत? दहा बोटं टोचत बसलेल्या घरात हे कुणाच्याच लक्षात नसतं.

हे सगळं मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं. मामाने अंगठा दाखवला. मावशीला म्हटलं, निदान तो मेसेज तेवढा डिलीट कर. तिने केला, आणि केल्याचं मला आवर्जून दाखवलंही. फक्त तिच्या फोनमधून केलाय. ग्रुपवर तो अजून आहे, आणि आज सकाळी मामाने तो पुढे पाठवला.