मधला मतदार अफवा असेल, तर ट्रम्प टिपवर कशाला बोलले?

माझी मावसबहीण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उपनगरात राहते. नागरिकत्व मिळालंय, मतदार यादीत नाव आहे. परवा ताईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'म्हणून 2028 ला मी काही मत द्यायला जाणार नाहीये.' फॉरवर्डचं म्हणणं असं: अमेरिकेत मधला मतदार, म्हणजे दोन्ही पक्षांच्या मधे उभा असलेला आणि कुठेही वळू शकणारा, ही अफवा आहे, अध्यक्षपदाचे उमेदवार फक्त आपल्या कट्टरांना चेतवून जिंकतात, 2024 बघा, आणि ज्याने कुठल्याच पक्षाचं कुंकू लावलेलं नाही त्याच्या मताची किंमत शून्य. दहा जणांना पाठवा, वगैरे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या 2024 च्या पाहणीत 43 टक्के लोक म्हणाले, आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही. पण त्यातले बहुतेक दर वेळी आपापल्या ठरलेल्या पक्षालाच मत टाकतात. 2012 च्या एक्झिट पोलमध्ये या गटात रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी 50-45 असे पुढे होते, तरी अध्यक्ष ओबामाच झाले. तेव्हा खरोखर हलणारे थोडेच. पण थोडे आहेत म्हणजे नाहीतच?

'ट्रम्प कट्टरांच्याच जिवावर जिंकले' म्हणे. एप्रिल 2024 मध्ये त्यांनी गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोडू म्हणून हात झटकले. देशभर बंदी मागणाऱ्या त्यांच्याच लोकांना ते झोंबलं. जूनमध्ये लास वेगासला जाऊन म्हणाले, टिपवर कर नको. तिथे हॉटेलात ताटं उचलणारे, खोल्या झाडणारे हजारो लोक टिपवर जगतात. ऑगस्टमध्ये त्यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस त्याच शहरात येऊन तेच बोलल्या! ही सगळी धडपड कुणासाठी? पुढे 2004 नंतर पहिल्यांदाच नेवाडा, म्हणजे लास वेगासचं राज्य, ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे गेलं. ते टिपमुळेच गेलं असं मी म्हणत नाही, महागाईचा राग मोठा होता. पण उमेदवार मधल्यांकडे बघतच नाहीत, हे बोलायला जीभ तरी कशी रेटते?

आणि कट्टरांना चेतवण्याचं म्हणाल, तर स्टॅनफर्डच्या अँड्र्यू हॉल यांचा 2015 चा अभ्यास बघा. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, जहाल उमेदवार अगदी निसटता जिंकला, तर मुख्य निवडणुकीत पक्षाच्या मतांचा वाटा सरासरी 9 ते 13 टक्क्यांनी घसरतो. हे आकडे अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधीगृहाचे आहेत, अध्यक्षपदाचे नाहीत, तेवढी सूट द्या. पण 2018 च्या पुढच्या अभ्यासात त्यांना याहून मजेशीर गोष्ट सापडली: जहाल उमेदवारामुळे समोरच्या पक्षाचेच लोक जास्त संख्येने मतदानाला बाहेर पडतात. चेतवायचे होते आपले, चेतले पलीकडचे.

हॅरिस ट्रम्पविरोधी रिपब्लिकन नेत्या लिझ चेनींना घेऊन विस्कॉन्सिन राज्यात गेल्या आणि तरी हरल्या, हा फॉरवर्डचा आणखी एक पुरावा. एका पाहुणीला मंचावर बसवलं की मधला मतदार वळतो, असं म्हणालं कोण होतं?

आता तो शून्य. हाच मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो ताईच्या राज्यातच खोटा ठरलाय. 2020 मध्ये बायडन यांनी जॉर्जिया 11,779 मतांनी जिंकलं. जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प यांनी तिथल्या निवडणूक प्रमुखांना फोन करून 11,780 मतं 'शोधून' द्यायला सांगितलं, ते उगाच नाही. आपल्या बाजूचा घरी बसलेला माणूस बाहेर काढला तर एक मत वाढतं. पलीकडचा एक वळवला तर त्यांचं एक कमी, आपलं एक जास्त, म्हणजे दोनाचा फरक. या हिशेबाने 5,890 लोकांनी बाजू बदलली असती, तर जॉर्जियाचा निकाल उलटला असता. पन्नास लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात!

हे सगळं ग्रुपवर टाकलं. ताईने अंगठ्याचा इमोजी टाकला. मावशीने मात्र तोच फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर पाठवूनही दिला होता.