गिअरचा दांडा पार्कवर दिसला म्हणजे गाडी पार्कमध्ये आहे असं नसतं

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की गिअरच्या दांड्याला आधार देणाऱ्या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या बुशसाठी (कड्यासाठी) आम्ही अख्खं स्टिअरिंग खोललं आणि लेबर लावली, दुसरा मेकॅनिक दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल नुसती अ‍ॅडजस्ट करून देणार होता, आणि एवढं करूनही कुठला गिअर आहे ते दाखवणारा काटा अक्षरावर बरोबर येत नाही. बिल बघून राग येणं मी समजू शकतो, पण केबलवर भागवायला मी नाही का म्हणालो ते इथे नीट सांगतो, कारण स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली जुनी ऑटोमॅटिक अजून बरेच जण चालवतात.

तुमची गाडी आली तेव्हा दांडा हातात लुळा होता, पार्कमध्ये टाकला तरी गाडी ढकलली की सरकायची आणि स्टार्ट फक्त न्यूट्रलमध्ये व्हायची, पार्कमध्ये स्टार्टर फिरायचाच नाही. म्हणजे वर दांडा पार्क दाखवतोय आणि खाली गिअरबॉक्स तिथपर्यंत पोचलेलाच नाही. पार्कमध्ये गाडी धरून ठेवतो तो गिअरबॉक्समधला एक लोखंडी खटका, तो दात्यात पूर्ण बसला नाही तर उतारावर गाडी आपोआप निघते, मागे कोण उभं आहे ते ती बघत नाही.

खोलल्यावर दिसलं की दांड्याच्या पिनचं भोक गोल राहिलेलंच नव्हतं, घासून लांबट झालं होतं, त्यामुळे दांडा आधी नुसता हलायचा आणि मग कुठे केबल ओढणारी स्टिअरिंगमधली नळी फिरायची. खालचा बुश तर हात लावताच भुगा होऊन पडला. आता यावर केबल ओढून बसवली असती तर त्या दिवशी पार्क जुळला असता, पण प्ले, म्हणजे दांड्याचा ढिलेपणा, तसाच राहिला असता, मग ड्राइव्ह धड बसत नाही, गिअर अर्धवट लागतो, तेलाचं प्रेशर पुरेसं मिळत नाही आणि आतल्या क्लच प्लेटा घसरून जळतात. ते काम निघालं की आजचं बिल किरकोळ वाटेल.

लेबर बुशची नाहीच सर, तिथपर्यंत पोचायची आहे. एअरबॅग असल्यामुळे आधी बॅटरी काढून थांबावं लागतं, मग स्टिअरिंग पुलरने काढायचं, एअरबॅगची गुंडाळी वायर मधल्या पोझिशनमधून हलू द्यायची नाही, भोक मोठं करून जाड पिन बसवायची, आणि शेवटी केबल परत सेट करायची. घाई करायचं हे काम नाही, आणि माझ्याकडे ते घाईत होणारही नाही.

काट्याचं सांगतो. तो एका बारीक दोरीवर चालतो आणि ती जुनी होऊन ताणली गेलीय, गिअरशी त्याचा संबंध फक्त दाखवण्यापुरता. आम्ही सेटिंग गिअरबॉक्सवर केलंय, काट्यावर नाही, आणि तेच बरोबर आहे. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह सगळे गिअर स्पष्ट लागतात, पार्कमध्ये स्टार्ट होते, गाडी तुमच्यासमोर उतारावर उभी करून दाखवली होती.

तरी काटा खटकत असेल तर गाडी घेऊन या, दोरी सरळ करून देतो, त्याची लेबर नको. येताना डिकीतली पिशवी आणा, तुमची जुनी पिन त्यात आहे, नवीच्या शेजारी ठेवून झीज दाखवतो. आणि उतारावर आधी हँडब्रेक ओढा, मग पार्क टाका, म्हणजे सगळा भार त्या खटक्यावर येत नाही.