ताप उतरला म्हणून पेढे वाटू नका

मागे एकदा रात्री साडेअकराला सांगलीच्या मावशीने मेसेज पाठवला. 'डेंग्यूवर पाच रामबाण सूत्रं', खाली 'मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळ्या ग्रुपवर टाका'. दर पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्रीसारखा उगवतो हा मेसेज. एरवी मी सोडून दिला असता. पण त्याखाली मावशीने लिहिलं होतं, 'धाकट्याचा ताप आज उतरला गं. आता फक्त पेशी वाढवायच्यात.' पेशी म्हणजे प्लेटलेट्स, रक्त गोठवणाऱ्या. मी पीजीच्या परीक्षेसाठी डेंग्यूच वाचत बसले होते. त्याच्या तापाचा पाचवा दिवस होता.

म्हणून आधी सूत्र तिसरं: 'ताप उतरला की डेंग्यू संपला.' बाकीची सूत्रं चुकीची आहेत, हे जीव घेणारं आहे. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरतं, उरलेलं रक्त दाट होतं. हे २४ ते ४८ तास चालतं. पोट दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं किंवा उगाच तळमळ, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

मावशीला फोन लावला. पोट दुखतंय का? 'हो, दोनदा उलटीपण झाली. पण ते पपईच्या पाल्याच्या रसाने असेल.' झालं! कडू रसाने उलटी होतेच, आणि त्याआड आजाराची उलटी लपते. रक्ताचे दोन्ही दिवसांचे रिपोर्ट मागवले. पेशी ६२ हजार, त्याला पेनने गोल. त्याच कागदांवर पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, परवा ३९, आज ४८, त्याकडे कोणाचं लक्षच नाही. पीसीव्ही वीस टक्क्यांहून जास्त चढला, म्हणजे रक्त दाट होतंय. काकांनी रात्रीच दवाखान्यात नेलं. बीपी १०४/८०. वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की शॉक, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होणं, धरतात, याचं २४ होतं.

सूत्र पहिलं: 'पेशी एक लाखाच्या खाली गेल्या की प्लेटलेट्सची पिशवी लावा.' आमच्या सराव परीक्षेतही निम्मा वर्ग हाच पर्याय निवडतो. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पेशी २० हजार किंवा त्याहून कमी, मोठा रक्तस्राव नाही, अशी माणसं. अर्ध्यांना पेशी दिल्या, अर्ध्यांना नाही. रक्तस्राव टळण्यात फरक पडला नाही, उलट पिशवी लावलेल्यांना अ‍ॅलर्जीसारखे त्रास जास्त झाले. एक लाखाचं सोडाच, वीस हजारांवर ही गत. रक्तस्राव सुरू असेल तर गोष्ट वेगळी. धाकट्याला लागलं ते सलाईन: तासाला किलोमागे ५ ते ७ मिली, मग पीसीव्ही आणि लघवी बघत कमी करत. भसाभस ओतलं तर तेच पाणी पुढे फुफ्फुसात जातं.

सूत्र दुसरं, पेशी वाढवायला पपईच्या पाल्याचा रस. बरं, मान्य: काही छोट्या चाचण्यांत पेशी थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण पाझर थांबला की पेशी आपोआप चढतातच, आणि पेशी वाढल्या म्हणजे शॉक टळला असं होत नाही. उलट्या होणाऱ्या पोराच्या घशात तो रस ओतण्याइतका पुरावा तर नाहीच.

सूत्र चौथं, अंगदुखीला ब्रुफेन. नाही म्हणजे नाही. अ‍ॅस्पिरिनही नाही, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही नाही. रक्तस्रावाला आमंत्रण आहे ते. फक्त पॅरासिटामॉल, तेही मापात.

पाचवं, 'एनएसवन निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाही.' ती रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी, पहिल्या पाच दिवसांची. त्यानंतर आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीची चाचणी, करावी लागते.

मेसेजच्या शेवटी, सूत्रांखेरीज, किवी आणि बकरीचं दूध. किवी खा, महाग आहे एवढंच. दूध कच्चं पिऊ नका.

धाकट्याच्या पेशी ३१ हजारांपर्यंत उतरल्या. एकही पिशवी न लावता पोरगं नवव्या दिवशी घरी आलं. मावशीला म्हटलं, आता तरी तो मेसेज काढ. 'अगं, पाच ग्रुपवर टाकलाय. तूच काहीतरी लिहून दे, मी पाठवते. माझं नाव नको घालूस.'